घरात बनवायच्या फर्निचरला लाकूड कुठलं घ्यावं? पॅलेट चालेल का?

अर्धवट_सुतार
मंडळी, लेकीसाठी (वय ४) एक बुटका पलंग आणि पुस्तकांचं शेल्फ स्वतः करायचं ठरवलंय. हत्यारं आहेत, हौस आहे, जागा म्हणजे पार्किंगचा कोपरा आहे (सेक्रेटरी अजून तरी बघून न बघितल्यासारखं करतायत). अडलंय ते लाकडावर. चाकणला एक मित्र कंपनीत स्टोअर्सला आहे, तो म्हणतो पॅलेट (माल ज्यावर रचतात ते लाकडी तळ) हवे तेवढे घेऊन जा, भंगारात देण्यापेक्षा बरं. पाइनच्या पट्ट्या आहेत, रंधा मारल्यावर मस्त दिसतात. पण बायकोचं म्हणणं, ज्याच्यावर कसले कसले ड्रम ठेवले होते तेच माहीत नाही ते लाकूड पोरीच्या उशाशी नको. दुकानदार म्हणाला साहेब मरीन प्लाय घ्या, डोक्याला ताप नाही. नेटवर वाचलं तर प्लायमध्ये फॉर्मल्डिहाइड (गोंदातून निघणारा त्रासदायक वायू). शेवटी भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो तर सागवानाचा घनफुटाचा भाव ऐकून मी आधी पाणी मागितलं.

तर बंद खोलीत, जिथे लहान मूल झोपणार, तिथे निर्धास्तपणे कुठलं लाकूड वापरता येईल? आणि पॅलेट खरंच वाईट का?

टवाळखोर
सतरंजी. रंधा नको, पॉलिश नको, पोरगी पडायची भीती नको.

स्टुटगार्टकर
पॅलेट सरसकट वाईट नसतात, आधी शिक्का बघा. परदेशातून आलेल्या किंवा निर्यातीसाठी बनवलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं, शेजारी देशाची दोन अक्षरं, बनवणाऱ्याचा नंबर आणि खाली ट्रीटमेंटची अक्षरं. एचटी असेल तर लाकूड भट्टीत तापवलेलं, म्हणजे आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली. आमच्याकडे युरोपात ते २०१० पासून बंद आहे पण बाहेरून आलेल्या मालावर दिसतं. एचटी घ्या, एमबी सोडा, इतकं सोपं आहे. इकडे लोकांनी आख्खी घरं सजवलीयत पॅलेटनी. निळे रंगवलेले मात्र उचलू नका, ते भाड्यानं फिरणारे असतात, मालकी कंपनीची असते.

हणमंत_हौशी
शिक्क्याबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. आमच्याकडे हॉलमध्ये जुन्या रेल्वे स्लीपरचं सेंटर टेबल आहे. गेली कित्येक वर्षं. वजनाला मरणाचं आहे पण पाहुणे पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच विचारतात. कुणाला काही झालेलं नाही.

केमिकल_काका
स्टुटगार्टकर, माहिती बरोबर पण निष्कर्ष घाईचा. तो शिक्का किड्यांसाठी आहे, माणसांसाठी नाही. एका देशातले भुंगे दुसऱ्या देशातल्या जंगलात जाऊ नयेत म्हणून तो नियम. एचटी म्हणजे त्या दिवशी लाकडात जिवंत कीड नव्हती, बस. त्यानंतर त्या पॅलेटवर काय सांडलं ते शिक्का सांगत नाही. उलट मिथाइल ब्रोमाइड वायू आहे, बराचसा उडून जातो, ते ओझोनला जास्त वाईट. मला भीती सांडलेल्या मालाची आहे. कटिंग ऑइल, रंग, कीटकनाशक, कुठल्यातरी पावडरीची फाटकी गोणी. पाइन सच्छिद्र असतं, शोषून घेतं, आणि २ मिमी रंधा मारून ते जात नाही. वहिनींचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात शास्त्रीय प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला शिक्का लागतच नाही. चाकण-भोसरीकडे असे ढिगानं असतात, जे स्वस्त मिळेल त्या जंगली लाकडाचे ठोकलेले. बिनशिक्क्याचा म्हणजे विषारी असं नाही, पण त्याची काहीच कुंडली नाही.

हणमंतराव, तुमच्या टेबलाबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर त्याच्यावर भाकरी ठेवून खाऊ नका.

हणमंत_हौशी
काका घाबरवू नका हो!

नीलांबरी
मी इंटिरियरची कामं करते. प्लायबद्दल नेटवर जितकं घाबरवतात तितकं नाही, पण दुकानदार सांगतात तितकं निर्धोकही नाही. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आणि गोंद, आणि सगळा खेळ गोंदाचा आहे. साध्या एमआर ग्रेडमध्ये (फक्त ओलसरपणा सहन करणारा) युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो दमट हवेत आणि उन्हाळ्यात जास्त वायू सोडतो, नवा असताना सर्वात जास्त, मग महिने जातील तसा कमी. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) म्हणजे ज्याला लोक मरीन म्हणतात (भारतीय मानक आयएस ७१०) त्यात फिनॉलचा गोंद, तो घट्ट बांधलेला असतो, ७२ तास उकळूनही सुटायला नको अशी चाचणी असते त्याची, आणि वायू खूपच कमी. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफमध्ये गोंदाचं प्रमाण जास्त, त्यामुळे मुलांच्या खोलीत मी शक्यतो टाळते, आणि घ्यायचंच तर ई१ किंवा ई० (कमी वायू सोडणाऱ्या बोर्डाची श्रेणी) लिहिलेलं बघून घ्या. तोंडी 'ई झिरो आहे मॅडम' याला काही अर्थ नाही, शीटवर छापलेलं पाहिजे.

जी गोष्ट कुणी करत नाही ती म्हणजे कडा बंद करणं. वायू कापलेल्या कडांतून सर्वात जास्त येतो. कारागीर समोरची कड एजबँड (कडेची पट्टी) लावून चकाचक करतो आणि मागची, खालची, कप्प्याच्या आतली तशीच उघडी ठेवतो. सहाही बाजू बंद करून घ्या.

चांदाफोर्ट
सगळं वाचून राहिलो. एवढ्या अक्षरांच्या भानगडीत पडण्यापेक्षा सरळ सागवान घ्या ना भाऊ. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचं, बल्लारशाच्या डेपोतलं, आलापल्लीच्या जंगलातलं. अयोध्येच्या राम मंदिराच्या दरवाजांना २०२३ मध्ये इथूनच लाकूड गेलं. वाळवी खात नाही, गोंद नाही, वायू नाही, नातवंडं वापरतील. सीपी टीक म्हणून बाहेर जे विकतात त्यातलं सीपी म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस, ब्रिटिशांच्या काळचं नाव अजून चालू आहे.

टवाळखोर
भाऊ, धागाकर्त्याने भाव ऐकूनच पाणी मागितलं होतं. आता सलाईन लागेल.

मेवा_मालवणी
सागवानाचा एवढा कौतुक कित्या? आमच्याकडे फणस आसा. पिवळोधम्मक, वाळवी लागणा नाय, देवघरा त्याचीच.

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) जुन्या फणसाच्या गाभ्याचं लाकूड घरातल्या फर्निचरला उत्तम, फक्त ओळखीच्या वखारीतून घ्यावं लागतं, दुकानात मिळत नाही. सुरुवातीला पिवळं असतं, वर्षं गेली की तपकिरी होत जातं. शिवणीच्या झाडाची फळीही छान, हलकी, वाळल्यावर वाकडीतिकडी होत नाही, पोरांच्या सामानाला बरी. आंब्याची फळी स्वस्त मिळते पण तिला भुंगा लागतो. रात्री कुरकुर आवाज आणि सकाळी खाली पिठाची रांगोळी. एक सांगतो, आमच्याकडे वाशांना आणि दाराच्या चौकटींना लोक जळकं ऑइल फासतात, गॅरेजमधलं. गोठ्याला, कुंपणाला ठीक. ते लाकूड कुणी 'जुनं कोकणी लाकूड' म्हणून विकत असेल तर घरात आणू नका, वर्षानुवर्षं वास जात नाही.

केमिकल_काका
मेव्याला पूर्ण अनुमोदन. इंजिनातून निघालेल्या तेलात काय काय असतं ते इथे लिहीत बसत नाही.

आता स्लीपर. जुन्या लाकडी स्लीपरना अनेकदा क्रिओसोट दिलेलं असायचं, कोळशाच्या डांबरापासून निघणारं तेल. उन्हाळ्यात दुपारी त्या टेबलाजवळ डांबरगोळी-धुरासारखा वास येतो का बघा. येत असेल तर ते अजून निघतंय. युरोपात असं लाकूड इमारतीच्या आत, खेळण्यांत, बागेतल्या पिकनिक टेबलांतसुद्धा वापरायला मनाई आहे. टेबल अंगणात ठेवा, झाडाच्या कुंड्या ठेवायला झकास. आणि मोडलंच कधी तर बंबात घालू नका.

त्याच जातीतलं दुसरं प्रकरण म्हणजे हिरवट झाक असलेलं लाकूड. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाचं पाणी दाब देऊन आत मुरवतात. जुन्या कूलिंग टॉवरमधून निघालेलं असं लाकूड लिलावात स्वस्त मिळतं आणि ते दिसायला अगदी सरळ, गाठ नसलेलं असतं म्हणून हौशी लोक भुलतात. गंमत म्हणजे हा शोध आपलाच आहे, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी १९३३ मध्ये लावला आणि मग जगभर विजेचे खांब आणि अंगणातली डेक त्यावर उभी राहिली. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झालं. खांबाला उत्तम, पलंगाला नाही. कापताना भुसा, जाळताना धूर आणि राख, तिन्हीत आर्सेनिक. आणि हिरवा रंग उन्हापावसात उडतो, म्हणजे जुनं झाल्यावर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईलच असं नाही.

स्टुटगार्टकर
काका, शिक्क्याबद्दलचा मुद्दा मान्य. सांडलेल्या मालाबद्दल मी लिहायला हवं होतं. इथल्या जर्मन शेजाऱ्यांना 'लाकडाचं औषध' म्हटलं की अजून अंगावर काटा येतो. सत्तरच्या दशकात इकडे घरातल्या भिंतींना लाकडी फळ्या लावायची फॅशन होती आणि त्यावर जी प्रिझर्व्हेटिव्ह फासली त्यात पेंटाक्लोरोफिनॉल आणि लिंडेन होतं. असंख्य कुटुंबं आजारी पडली, मोठा फौजदारी खटला झाला, १९८९ मध्ये पेंटाक्लोरोफिनॉलवर बंदी आली. मुद्दा असा की घराच्या आत पाऊस पडत नाही, तिथे एवढ्या जहाल औषधाची गरजच नव्हती.

अर्धवट_सुतार
बापरे, धागा भलताच जड झाला. पण उपयोगी आहे. नीलांबरीताई, मग मरीनच घेऊ का? आणि आमचा मिस्त्री (ओळखीचा आहे, अधूनमधून हात लावायला येतो) म्हणतो साहेब जे काय घ्याल त्याला आतून टर्माइटचं औषध मारून देतो, गॅरंटी.

नीलांबरी
नको! ते बाटलीतलं औषध बहुतेक वेळा क्लोरपायरिफॉस असतं, रॉकेलमध्ये मिसळून ब्रशनं फासतात. पाया खणताना जमिनीत मारतात तेच. कपाटाच्या आत, जिथे कपडे आणि पुस्तकं राहणार, तिथे मी कुणाला लावू देत नाही. वाळवी भिंतीतून आणि जमिनीतून येते, तिचा बंदोबस्त तिथे करा.

मरीनबद्दल: पलंगाला गरज नाही, ते स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या दाराशी ठीक. मरीनच्या मानकातच लाकडाला प्रिझर्व्हेटिव्ह देणं आहे, त्यामुळे 'मरीन म्हणजे सर्वात शुद्ध' हा समज बरोबर नाही. गोंद चांगला म्हणून आपण घेतो, पण झाकलेलं, लॅमिनेट केलेलं असेल तर. तुम्हाला उघडं लाकूड ठेवायचंय ना? मग भरीव लाकूडच घ्या. नवीन पाइनवुड किंवा रबरवुडची जोडफळी. पाइन गांधीधामकडून येतं, पुण्यात सहज मिळतं. रबरवुड केरळचं.

डॉ_खवचट
रबरवुडला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडमध्ये बुडवतात, हे कुणी सांगणार का मी सांगू? तेही रसायनच की. मग इथे चालतं आणि तिथे नाही, हे कसं काय?

केमिकल_काका
रास्त प्रश्न, खवचटपणा वजा करून. रबराच्या झाडाच्या लाकडात साखर-पिष्ट भरपूर, म्हणून न बुडवता ठेवलं तर भुंगा आणि बुरशी दोन्ही लगेच. बोरॅक्सचं वैशिष्ट्य हे की ते हवेत उडत नाही. पॉलिशखाली झाकलेलं असलं की जागेवर बसून राहतं. चाटलं-चावलं तर चांगलं नाही, म्हणून पाळण्याच्या कठड्याला जिथे दात येणारं पोर चावतं तिथे मी रबरवुड घेणार नाही. चार वर्षांच्या मुलीच्या पलंगाला बिनधास्त घेईन. कुठलं रसायन आहे एवढं विचारून भागत नाही. ते हवेत येतं का, हाताला लागतं का, भुशातून नाकात जातं का, हे बघावं लागतं.

वाडा_चिरेबंदी_नाही
उशिरा आले. जुन्या वाड्यांचं सागवान कुणी सुचवलंच नाही? पुण्यात वाडे पाडले की दारं, तुळया, कडीपाट सगळं विकायला येतं. मुंबईत रे रोडला दारूखान्यात जुन्या जहाजांचं लाकूड. नव्या सागवानापेक्षा स्वस्त, वर्षानुवर्षं वाळलेलं, आता आणखी वाकणार नाही. माझं लिहिण्याचं टेबल एका दाराच्या फळीचं आहे.

नीलांबरी
लाकूड अप्रतिमच, पण त्यावरचा ऑइलपेंट! जुन्या रंगात शिसं असतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या पाच थरांत काय आहे देव जाणे. असा रंग कोरडा घासायचा नाही, ग्राइंडर तर अजिबात नाही. ओला करून खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, घरात करायचं नाही, आणि लहान मूल किंवा गरोदर बाई जवळपास नको. न रंगवलेल्या तुळया मिळाल्या तर सोनं आहे. आधी मॅग्नेट फिरवून खिळे बघा, नाहीतर रंध्याचं पातं गेलं.

चांदाफोर्ट
म्हंजे शेवटी सागवानच ना? मी काय म्हणत होतो!

डॉ_खवचट
चांदाफोर्ट, सागवानाच्या भुशानं पण अंगाला खाज सुटते. शिसवाच्या तर विचारूच नका. आणि लाकडाचा भुसा, मग तो कुठल्याही पवित्र झाडाचा असो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ सालीच पहिल्या गटात (माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या) टाकलाय, फॉर्मल्डिहाइड त्यानंतर २००४ मध्ये आलं. पॅलेटच्या शिक्क्यावर एवढी चर्चा करणारे किती जण रंधा मारताना मास्क लावतात? मला वाटतं धागाकर्त्याच्या मुलीपेक्षा धागाकर्त्याला जास्त धोका आहे.

अर्धवट_सुतार
खवचटराव, मास्क आणला. पार्किंगमध्ये काम सुरू असताना लेकीला खाली यायला बंदी, आणि वर जाण्याआधी कपडे झटकतो.

मित्राकडे जाऊन पॅलेट बघून आलो. काहींवर गव्हाची लोंबी, एचटी, देशाची अक्षरं सगळं होतं. मशीनचे सुटे भाग आले होते त्यावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, पावत्यापण दाखवल्या त्यानं. बाकी ढीग बिनशिक्क्याचा आणि दोन-तीनांवर तेलाचे काळे डाग. ठोकळेवाले काही होते, त्यांचे ठोकळे भुसा दाबून केलेले वाटले. ठरलं असं की शिक्केवाल्या कोऱ्या पट्ट्यांचं पार्किंगमधलं माझं कामाचं टेबल आणि गॅलरीतलं कुंड्यांचं स्टँड. पलंग नवीन पाइनचा, शेल्फ रबरवुडचं. बायको खूश आहे, म्हणजे विषय संपला असं धरायला हरकत नाही. आता पॉलिश. मिस्त्री म्हणतो मेलामाइन, काचेसारखं चमकतं.

केमिकल_काका
हे बरं झालं विचारलंत. इतकं वाचून फॉर्मल्डिहाइड टाळलंत आणि मेलामाइन मारलंत तर पुढच्या दारातून घालवलेला पाहुणा मागच्या दारानं आत. मेलामाइन पॉलिश वाळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं, डोळ्यांतून पाणी येतं ते त्यामुळेच. लावलं तर वाऱ्यावर काही आठवडे राहू द्या. दोन भाग मिसळून लावायचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश वाळल्यावर चांगलं, पण स्प्रे मारणाऱ्याच्या फुप्फुसाला वाईट, घरी करू नका. तुमच्या कामाला चपडा लाख आणि स्पिरिटचं जुनं फ्रेंच पॉलिश घ्या, गोळ्या-चॉकलेटवर चमक आणायला तीच लाख वापरतात. लावताना दारं-खिडक्या उघडी आणि जवळपास गॅस नको. गरम कप आणि पाणी सहन होत नाही तिला, पण पलंगावर चहा कोण ठेवतो.

टवाळखोर
माझी बायको.

मेवा_मालवणी
शेल्फाला जवसाचं तेल आणि मेण लावलं तरी छान दिसतं. फक्त ते तेल पुसलेलं फडकं चुरगाळून डब्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतं. खरंच. दोरीवर पसरून बाहेर वाळवायचं किंवा पाण्यात बुडवून टाकायचं.

साधी_माणसं
फक्त वाचत होते, आता विचारते. रबरवुडचं शेल्फ घरात आहेच आमच्या. रोज ओल्या फडक्यानं पुसते. वर काकांनी बोरॅक्स लिहिलंय म्हणून शंका आली, पुसू की नको?

केमिकल_काका
पुसा की, फडकं पिळून घ्या म्हणजे झालं. बोरॅक्स पाण्यात विरघळतं म्हणून ते लाकूड भिजत ठेवायचं नाही, फरशी धुताना पायांशी पाणी साचू द्यायचं नाही. कुठे पॉलिश उडालेलं दिसलं तर तेवढ्या जागेवर परत एक हात मारा. आणि शेल्फाखाली कधी बारीक पिठासारखी भुकटी दिसली तर फोटो टाका इथे, भुंगा आहे का नुसती धूळ ते बघून सांगतो.